हशा ओसरल्यावर

व्याख्यानाला आलेला माणूस वक्त्याचा चेहरा बघत असतो. माझ्या वाट्याला येते वक्त्याची पाठ. आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर भरते आणि आभार मानण्याचं खातं वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. आभार मानणाऱ्याला व्यासपीठावर सगळ्यांत कडेची खुर्ची मिळते. तो उभा राहतो तेव्हा निम्मे लोक चपला शोधत असतात आणि उरलेले निम्मे पहिल्या निम्म्यांच्या अंगावरून वाट काढत असतात. अशा भाषणात विनोद करायचा प्रश्नच येत नाही. पण त्या खुर्चीला तोड नाही. वक्ता बोलत असताना समोरचे सगळे चेहरे तिथून दिसतात, अगदी शेवटच्या बाकापर्यंत आणि त्याच्याही मागे मोटारसायकलींना रेलून उभ्या असलेल्या पोरांपर्यंत. हशा कुठे उगवतो, कुठून कुठे जातो, कुठे अडतो आणि कुणापर्यंत पोचतच नाही, हे बघायचा मला आता नादच लागला आहे.

हशा पुढच्या रांगेत कधीच उगवत नाही. पुढे सोफे असतात. सोफ्यांवर नगराध्यक्ष, पतसंस्थेचे चेअरमन, साखर कारखान्याचे एखादे संचालक, एखादे निवृत्त प्राचार्य. ही मंडळी आधी एकमेकांकडे बघतात, मग हसतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे. उत्तम माणूस स्मित करतो तेव्हा त्याचे दात दिसत नाहीत. या हिशेबानं आमचे सोफे उत्तम आणि मोटारसायकलींवरची पोरं अधम. पण कुठल्याही वक्त्याला खासगीत विचारा, तो अधमांच्याच जिवावर बोलत असतो.

हशा उगवतो चौथ्या-पाचव्या रांगेत, शिक्षक आणि दुकानदार यांच्या घोळक्यात, नाहीतर बायकांच्या बाजूला. राजकारणावर कोपरखळी बसली की मात्र क्रम उलटा होतो. सगळं मैदान आधी सोफ्याकडे बघतं, आणि नगराध्यक्ष सगळ्यांत मोठ्यानं हसतात. न हसून सांगतात कुणाला!

बाहेरगावचा वक्ता यायचा असला की त्याला आणायला स्टेशनवर गाडी पाठवतात आणि सोबत म्हणून मला बसवतात. तासाभराचा रस्ता आहे. त्या तासात मला बहुधा कळतं की आज सभा रंगणार की नाही. काही वक्ते वाटभर स्वतःची मागची भाषणं सांगत येतात. कुठे किती गर्दी होती, कुठे टाळ्या थांबतच नव्हत्या. काही जण मात्र विचारत येतात. पाणी किती दिवसांआड येतं? यंदा कांद्याला काय भाव मिळाला? हा पूल कधीपासून असा अर्धाच आहे? एका गृहस्थांनी असंच सगळं विचारून घेतलं, आणि रात्री माईकसमोर उभे राहिल्यावर ‘व्यासपीठावरील मान्यवर’ वगैरे झाल्यानंतर म्हणाले, “येताना तुमच्या गावचा पूल पाहिला. स्थळ चांगलं दिसतंय, पण दोन्ही काठांचा अजून होकार आलेला नाही.” मैदान उसळलं. आता हा विनोद काही जगावेगळा नाही. छापून वाचला तर कोणी ओठही हलवणार नाही. पण त्या पुलापाशी रोज वळसा घालून जाणारी माणसं समोर बसली होती. हा माणूस आपल्या गावात येऊन डोळे उघडे ठेवून बसला होता, एवढं त्यांना कळलं आणि पुढचा तासभर त्यांनी त्याला त्याचा अवघड विषय बोलू दिला. विषय होता सहकार कायदा.

याच्या उलट प्रकार म्हणजे खिशातला चुटका. “एकदा काय झालं, एक माणूस डॉक्टरकडे गेला...” अशी सुरुवात झाली की मोटारसायकलींवरची पोरं शेवट ओठातल्या ओठात आधीच म्हणून टाकतात. तो चुटका सकाळीच सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेलेला असतो. पूर्वी असं नव्हतं. एकच चुटका घेऊन वक्ता जिल्हाभर फिरू शकत असे, आणि त्याला अधिकार यावा म्हणून तो अत्र्यांच्या नाहीतर पुलंच्या नावावर खपवत असे. मराठीत कुणीही केलेला विनोद शेवटी या दोघांच्याच खात्यावर जमा होतो. त्यांनी न केलेल्या विनोदांचा संग्रह काढला तर तो त्यांनी केलेल्यांपेक्षा जाड होईल, अशी मला दाट शंका आहे.

आचार्य अत्रे सभेत खरोखर काय करत असत, हे मात्र शिकण्यासारखं आहे. सासवडजवळच्या कोडीतला १८९८ सालचा जन्म, आणि पेशा मूळचा शिक्षकाचा. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते, शाळेतल्या मुलांसाठी वाचनमाला तयार करणारे. लोक त्यांच्या सभा म्हटलं की शिवाजी पार्क आणि संयुक्त महाराष्ट्र एवढंच आठवतात. मला त्या सभेत वर्ग दिसतो. प्रचंड मोठा, दंगेखोर वर्ग. ‘गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नाही’ ही त्यांची अतिशयोक्ती इतकी ठाऊक झालेली होती की श्रोते तिची वाट बघत. विनोदात धक्का लागतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. इथे उलट होतं. सगळ्यांना माहीत आहे की दहा हजार वर्षं येणार, फक्त कशावर येणार ते माहीत नाही. वर्गाला गुरुजींची लकब पाठ झाली की वर्ग गुरुजींच्या हातात आला, हे शिक्षकालाच कळतं.

आणि मैदानात बोलणं ही वेगळीच कला आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. खांबाखांबाला कर्णे बांधलेले असतात, जवळच्या आणि लांबच्या कर्ण्यातलं वाक्य मागेपुढे ऐकू येतं, आणि मैदानाच्या टोकाचा हशा व्यासपीठापर्यंत यायला थोडा अवधी लागतो. त्यामुळे मोठ्या सभेत हशा एकदम पडत नाही, तो येतो. पुढून उठतो, मागे जातो, मागे गेलेला पुन्हा पुढे ऐकू येतो आणि पुढचे लोक दुसऱ्यांदा हसतात. सभागृहात बोलायची सवय असलेला वक्ता पहिल्या रांगेचा हशा विरला की पुढचं वाक्य सुरू करतो आणि अर्ध्या मैदानाचं हसणं स्वतःच्याच तोंडानं कापून टाकतो. आमच्या मैदानावर हे दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होतं. मागची पोरं मग हसायचंच सोडून देतात. हसणं पुरं करायला अवकाशच मिळत नसेल तर हसायचं कशाला?

पुलंच्या एकपात्री प्रयोगांची ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकाल तेव्हा विनोद सोडून द्या, ते तुम्हाला पाठ असतीलच. फक्त मधल्या जागा ऐका. हशा पडल्यावर ते किती वेळ काही बोलत नाहीत, आणि हशा पूर्ण संपायच्या किंचित आधी पुढचा शब्द कसा टाकतात. द. मा. मिरासदारांच्या कथाकथनात त्याहून वेगळी गंमत आहे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथनं केली तेव्हा तिकीट काढून लोक गोष्ट ऐकायला येत होते, हे आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. मिरासदार गोष्ट सांगताना आपण काही विनोदी सांगतोय असा जराही आव आणत नाहीत. पंचनामा वाचून दाखवावा तसं सांगतात. माझ्या खुर्चीतून मला नेमकं हेच वर्षानुवर्षं दिसत आलंय: वक्ता आपल्या विनोदावर आधी स्वतः हसला की श्रोत्यांचं हसणं निम्म्यावर येतं. वाढप्यानंच ताट संपवलं तर पंगतीनं काय करायचं?

पण एकट्यानं उभं राहून हसवणं हा प्रकार आपल्याकडे तसा अलीकडचा. आपली जुनी माणसं विनोद करायला सोबत घेऊन उभी राहत. तमाशात गण झाला, गवळण सुरू झाली की मावशी येते, पेंद्या येतो. बतावणीत एकानं शहाणपणानं बोलायचं आणि सोंगाड्यानं त्या शहाणपणाची साल काढायची. सोंगाड्याचं वाक्य लिहिलेलं नसतं. त्या रात्री, त्या गावात जे सुचेल ते. नारदीय कीर्तनातही एकट्या बुवांच्या मागे पेटी-तबल्याची साथ असते. पूर्वरंगात निरूपण जड व्हायला लागलं, श्रोत्यांतल्या आजोबांची मान छातीवर आली, की बुवा तबलजीकडे वळून काहीतरी टाकतात. “बुवा तालात आहेत का बघा, नाहीतर मोक्ष समेवर यायचा नाही.” तबलजी हसून मान हलवतो, आजोबा दचकून जागे होतात. मग मध्यंतरी बुवांना हार घालतात, सगळ्यांना बुक्का लागतो, आणि उत्तररंगात आख्यान सुरू होतं. वारकरी कीर्तनात हाच मान टाळकऱ्यांना आणि मृदंगवाल्याला. म्हणजे टोमणा मारायला हक्काचा माणूस जवळ असतो, आणि तो फडातलाच असतो. त्याला राग येत नाही, कारण आपलं तिथलं काम काय आहे हे त्याला माहीत असतं.

आजच्या वक्त्याजवळ हा हक्काचा माणूस नाही. त्यामुळे टोमणा कुणाला तरी शोधत फिरतो, आणि बहुतेक वेळा बायकोवर जाऊन बसतो. माहेरी गेलेली बायको, साडीच्या दुकानातली बायको, जाडी बायको. मैदान हसतं, नाही असं नाही. बायकाही हसतात, पदर तोंडाला लावून हसतात. पण व्यासपीठावरून बघताना मला आणखी एक गोष्ट दिसते. त्या हसता हसता एकमेकींकडे बघतात आणि त्यांतल्या कॉलेजच्या दोघी-तिघी सरळ मोबाईल काढतात. त्यानंतर वक्ता कितीही चांगलं बोलला तरी ते मोबाईल खाली जात नाहीत. तसंच बोलीचं. शहरातून आलेले एक विद्वान आमच्याच मैदानावर आमच्यासारखं बोलून दाखवायला लागले: ‘आवं’, ‘काय म्हंता’, ‘लई भारी’. हशा पडला, पण पातळ. मागच्या पोरांपैकी एकानं मोठ्यानं विचारलं, “ह्यांना काय झालं?” तेवढ्याला मात्र खरा हशा पडला. विद्वानांना तो आपल्यालाच मिळाला असं वाटलं, आणि त्यांनी तीच बोली आणखी दहा मिनिटं लावून धरली.

स्वतःवरच विनोद करावा, मग कुणी दुखावत नाही, असं वक्तृत्वाच्या शिबिरांत सांगतात. अर्धवट खरं आहे. ‘मी काही मोठा माणूस नाही’ असं जो पाच वेळा म्हणतो, त्याला आपण मोठा आहोत हेच सांगायचं असतं, आणि श्रोत्यांना ते पहिल्या वेळीच कळलेलं असतं. स्वतःची चेष्टा करायची तर जिथे खरोखर लागेल तिथे करायची. टक्कल आणि पोट यांवरचे विनोद कुणालाच लागत नाहीत.

हे सगळं झालं हसवण्याबद्दल. पण मला जे खरं म्हणायचं आहे ते हसवण्याच्या पुढचं आहे. मैदान पोटभर हसतं, हशा ओसरायला लागतो, लोक डोळे पुसत खुर्चीत सावरून बसतात, आणि मग एक-दोन सेकंद असे येतात की सगळे चेहरे एकदम उघडे असतात. हाताच्या घड्या सुटलेल्या असतात. सोफ्यावरचा माणूससुद्धा त्या वेळी नगराध्यक्ष नसतो. व्यासपीठावरून हे इतकं स्पष्ट दिसतं की कधी कधी संकोच वाटतो. त्या क्षणी वक्ता जे बोलेल ते थेट आत जातं. आणि शंभरातले नव्वद वक्ते त्या क्षणी काय करतात? दुसरा विनोद करतात.

त्या क्षणाचा उपयोग कसा करायचा, हे महाराष्ट्रात सगळ्यांत चांगलं कुणाला कळलं असेल तर गाडगेबाबांना. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा जन्म, १९५६ च्या डिसेंबरात गेले. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनाला उभं राहायचं, असा त्यांचा क्रम. त्यांना पाहायचं तर कीर्तनात पाहावं, असं अत्रेच म्हणून गेले आहेत, आणि वक्त्यानं वक्त्याला दिलेली ही पावती आहे. त्यांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकताना पहिल्यांदा जाणवतं ते हे की बुवा सांगत फार कमी आहेत, विचारत जास्त आहेत. वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न येतो, लोक एका सुरात ‘होय’ नाहीतर ‘नाही’ म्हणतात, पुढचा प्रश्न येतो, पुन्हा उत्तर. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला लोकांच्या लक्षात येतं की आपण स्वतःच्याच उत्तरांत अडकलो आहोत, आणि हशा पडतो. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते ना? मग लढाईत इतक्या आगबोटी बुडाल्या, त्या काढायला पूजा का नाही घालत? लोक हसतात. आणि हसून झाल्याबरोबर, अजून तोंडं मिटलेली नसताना, मुद्दा येतो: कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, ताट विकावं लागलं तरी विका पण पोराला शाळेत घाला. मग लगेच ‘गोपाला गोपाला’चा गजर, म्हणजे त्या बोलण्यावर तिथल्या तिथे वाद घालायची सोय नाही. तो गजर मला फार हुशारीचा वाटतो. जे आत गेलं ते आत राहू दे, आता टाळ्या वाजवा.

गंमत अशी की त्या कीर्तनातले विनोद आज वेगळे काढून सांगितले तर निम्मे लोक चिडतील. तेव्हाही चिडले असते. पण ज्याच्या अंगावर चिंध्यांचं पांघरूण आहे, जो सकाळी तुमच्या दारापुढचं गटार साफ करून आला आहे आणि जेवायला मातीच्या भांड्यातली मागून आणलेली भाकरी खातो आहे, त्याच्यावर चिडायचं कसं? हे भांडवल व्यासपीठावर चढून मिळत नाही. ते चढायच्या आधी कमवावं लागतं.

आमच्या व्याख्यानमालेत मला याच जातीचा म्हणावा असा एक वक्ता बघायला मिळाला. वक्ता म्हणून तो कुणी नव्हता. ठरलेल्या साहित्यिकांनी ऐन वेळी नकार कळवला म्हणून समितीनं जिल्ह्याच्या गावच्या एका डॉक्टरांना बोलावलं. विषय सर्पदंश. खजिनदारांनी कपाळाला हात लावला, कारण सतरंज्यांचं भाडंही निघणार नाही अशी लक्षणं होती. डॉक्टर आले, माईक उंच होता तो खाली करायचाही त्यांना संकोच. टाचा उंचावूनच बोलायला लागले.

“साप चावला तर तुमच्याकडे पहिल्यांदा काय करतात?” त्यांनी विचारलं. दोन-तीन आवाज आले: मिरची खायला देतात, कडुलिंबाचा पाला देतात. “बरोबर. मिरची तिखट लागली नाही तर विष चढलं. आणि लागली तर?” कुणी बोललं नाही. “तर साप चावलाय, वर ठसका लागलाय.” लोक हसले. “मग कुठे नेतात?” मागून आवाज, मांत्रिकाकडे. “मांत्रिकाचे पेशंट माझ्यापेक्षा जास्त वाचतात,” डॉक्टर म्हणाले, “हे मी लिहून द्यायला तयार आहे.” लोक गप्प. “कारण त्याच्याकडे धामण चावलेले जातात. धामणीला विषच नाही. तिथे मी मंत्र म्हटला तरी पेशंट वाचेल, आणि मला तर आरतीसुद्धा येत नाही.” आता मात्र मैदान उसळलं. सोफ्यांचे दात दिसले.

डॉक्टर थांबले. हशा मागे जाऊन पुन्हा पुढे येईपर्यंत थांबले, कुणी शिकवलेलं नसताना. मग त्याच आवाजात म्हणाले, “आज रात्री दोन वाजता तुमच्या घरात कुणाला मण्यार चावली. जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतसुद्धा नाही. गाडी कुणाची?”

इतक्या चेहऱ्यांवरचं हसू मावळायच्या आधी त्याचा विचार झालेला मी तेव्हा प्रथमच पाहिला. ते पुढे म्हणाले, “फोन काढा. आपल्या गल्लीत रात्री गाडी काढून देईल त्याचा नंबर आहे का बघा. नसेल तर शेजाऱ्याला विचारून आत्ता घ्या. १०८ पण लिहून ठेवा.” लोकांनी खरंच फोन काढले. व्याख्यान चालू असताना मैदानभर नंबरांची देवाणघेवाण सुरू झाली. मग त्यांनी विचारलं की तालुक्याच्या रुग्णालयात सापाच्या विषावरची लस आहे का, कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नव्हतं, नगराध्यक्षांनाही नव्हतं, आणि या वेळी कुणी त्यांच्याकडे बघून हसलं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर एकच लस चालते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी आवळायची नाही. हात किंवा पाय हलू न देता माणसाला रुग्णालयात पोचवायचं. हे सगळं त्यांनी त्यानंतर वीस मिनिटांत सांगितलं आणि त्यात एकही विनोद नव्हता. गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात लसीची चौकशी करायला इतकी माणसं गेली की तिथल्या डॉक्टरांना वाटलं गावात सापांची साथ आली आहे.

समितीत दर वर्षी या विषयावर जुंपते. खजिनदारांचं म्हणणं, लोकांना हसायला हवंय, पोस्टरवर ‘हास्याचा धबधबा’ असं काहीतरी आलं पाहिजे, नाहीतर खुर्च्या रिकाम्या राहतात. दुसऱ्या टोकाला आमचे एक ज्येष्ठ सभासद, ते ‘टवाळा आवडे विनोद’ म्हणतात आणि समर्थांनीच सांगितलंय म्हटल्यावर चर्चा संपली असं धरून चालतात. दासबोधात ती ओवी कुणाला काय आवडतं याच्या यादीत आली आहे, हा बारकावा त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि समर्थांची मूर्खलक्षणं कुणी सभेत मोठ्यानं वाचून दाखवावीत. आपली आपण स्तुती करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगणारा तो मूर्ख, या ओळीला सत्काराच्या कुठल्याही कार्यक्रमात सोफ्यासकट हशा पडेल. मी दोघांच्या मधला म्हणून दोघांच्याही शिव्या खातो. खजिनदारांना मी म्हणतो, हसवणाऱ्याला बोलवा, पण हसवून झाल्यावर त्याला काय सांगायचंय ते आधी फोनवर विचारा. १९७७ च्या निवडणुकीत पुलं प्रचाराच्या सभांतून बोलले, तेव्हा गर्दी काही अंशी हसायला म्हणून जमली असणार. पण आणीबाणीबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही होतं.

शोकसभेतल्या विनोदाबद्दल मात्र आमच्यात एकमत होतं, की तो करू नये. ते एकमत एका संध्याकाळी मोडलं.

वाचनालयाचे जुने ग्रंथपाल गेले. पस्तीस-चाळीस वर्षं त्यांनी टेबल सांभाळलं. कडक माणूस. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची तारीखपट्टी बघितल्याशिवाय त्यांनी कधी कुणाला नमस्कारही केला नसेल. शोकसभेत एकापाठोपाठ एक वक्ते ‘पोकळी निर्माण झाली’ म्हणत होते आणि पोकळी वाढतच चालली होती. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का? मागून एसटीतले एक निवृत्त कंडक्टर उठले, जुने वाचक, दर आठवड्याला एक रहस्यकथा नेणारे.

“मी आयुष्यभर सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडलो,” ते म्हणाले. “पण सुट्ट्या पैशांवरून मला रडवलं ते याच माणसानं.” सभागृहात चुळबुळ झाली. हसावं की नाही, कळेना. “पोरीचं लग्न होतं म्हणून पुस्तक चार दिवस उशिरा आणलं. म्हणाले, दंड. मी म्हटलं, अहो घरात लग्न होतं, तुम्ही जेवून गेलात. तर म्हणतात, मी वेळेवर परत आलो की नाही? मग पुस्तक का नाही आलं?”

पहिल्या रांगेत ग्रंथपालांच्या पत्नी बसल्या होत्या. आधी त्या हसल्या. मग सगळं सभागृह हसलं, इतका वेळ दाबून ठेवलेलं. कंडक्टर थांबले. तिकीट फाडायच्या आधी माणूस नीट उभा राहीपर्यंत थांबायची त्यांना सवय असावी. “लग्नातल्या आहेराचं पाकीट मी नंतर उघडलं,” ते म्हणाले. “आत एकशे एक रुपये, आणि त्या दंडाची पावती. भरलेली.”

कुणी रडलं, कुणी नाक ओढलं. दुसरा कुणी वक्ता असता तर इथे खाली बसला असता आणि आम्ही सगळ्यांनी त्याची तारीफ केली असती. कंडक्टर बसले नाहीत. “आता मुद्द्याचं,” ते म्हणाले. “या हॉलमध्ये जे बसलेत, त्यांतल्या कुणाकुणाच्या घरी त्यांची पुस्तकं राहिलीत, ते मला माहीत आहे. नावं घेत नाही. उद्या आणून द्या.” आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली, चेकिंगला आल्यासारखी. लोक पुन्हा हसले, पण या खेपेला मानेनं इकडेतिकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुस्तकं यायला लागली. पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पोरांच्या हातून. काही जण दार उघडायच्या आधीच पायरीवर ठेवून गेले. आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या घरून दासबोध आला, वाचनालयाचाच शिक्का असलेला. काहींच्या तारीखपट्ट्यांवर वीस-वीस वर्षांपूर्वीच्या तारखा. नवीन ग्रंथपाल मुलगी बिचारी गोंधळली. तिनं नियमाप्रमाणे दंडाचा हिशेब मांडला तर काही रकमा पुस्तकाच्या किमतीच्या कितीतरी पट निघाल्या. माफ करावा तर जुन्या ग्रंथपालांच्या पद्धतीला धरून नाही, वसूल करावा तर पुढच्या वेळी कुणी पुस्तक आणणार नाही. तिनं समितीला लेखी विचारलं आहे. विषय दोन बैठकांपासून पत्रिकेवर आहे, आणि ज्येष्ठ सभासद त्या दोन्ही बैठकांना प्रकृतीच्या कारणानं गैरहजर आहेत.